दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे : एका चहापारख्यास उघडे आभारपत्र

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

आपण आमच्या अभ्यासिकेपासून दोन इमारती पलीकडे राहता, त्यामुळे हे पत्र आपल्या दारावरच्या पेटीत टाकता आले असते. तरीही ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, सदाशिव आणि नारायण पेठेतल्या इतर अभ्यासिकांचे आणि वसतिगृहांचे व्यवस्थापक हल्ली आमच्याकडे येऊन टी-बॅगेचा चहा प्यायला लागले आहेत आणि जाताना ‘हा चहासारखा कसा लागतो’ असे विचारू लागले आहेत. उत्तर देताना आपला उल्लेख टाळता येत नाही, आणि आपले नाव छापलेले आपल्याला चालत नाही. तेव्हा नावावाचून, पण सर्वांसमक्ष, आपले आभार मानावेत असे ठरवले.

अभ्यासिका जुन्या वाड्यात असल्याने तेथे गॅसची शेगडी ठेवण्याची परवानगी नाही. एक विजेची किटली, टी-बॅगांचे खोके, दूध आणि साखर, एवढ्यावरच स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींचा दिवस काढायचा असतो. त्या चहाला मुलांनी ‘फुळकवणी’ असे नाव ठेवले होते, आणि चहाच्या कारखान्यात झाडून काढलेला केर पिशवीत भरतात, यावर सर्वांचे एकमत झालेले होते. कलकत्त्याच्या चहाबाजारात उभी हयात चहा चाखण्यात घालवलेला माणूस हे ऐकून रागावेल असे मला वाटले होते. आपण मात्र टी-बॅगेची बाजूही घेतली नाही आणि आमचीही. आपण फक्त छोटा वजनकाटा, कात्री आणि पांढरा कागद मागितलात.

त्या दुपारी आपण वेगवेगळ्या खोक्यांतल्या पिशव्या कापून चहा कागदावर ओतलात, तेव्हा टेबलाभोवती जमलेल्या मुलांना आपण काय पाहत आहात ते आधी कळेना. एका कागदावरचे दाणे काळसर तपकिरी, गोल आणि घट्ट वळलेले होते. दुसऱ्यावर त्यांच्यात लालसर काड्यांचे तंतू मिसळलेले दिसत होते. ‘डस्ट’ आणि ‘फॅनिंग्ज’ ही चहाच्या बाजारात दाण्याच्या आकारानुसार लावलेली प्रतवारी आहे, तिचा केराशी काही संबंध नाही, आणि दाणा बारीक असल्यामुळेच पिशवीतल्या चहाचा रंग नि चव झपाट्याने उतरते, हे आपण तेथेच सांगितलेत. चांगल्या मळ्याची डस्ट वाईट मळ्याच्या पानापेक्षा लिलावात महाग जाऊ शकते, हे ऐकून केराचा सिद्धान्त मांडणारे गप्प झाले.

मग आपण वजन केले. पिशवीत जेमतेम दोन ग्रॅम चहा भरला. चहा चाखण्यासाठी तो कसा तयार करावा याचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३ या क्रमांकाचे, १९८० साली प्रसिद्ध झालेले. त्यात शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे असा हिशेब दिलेला आहे. आमच्याकडे मुले घरून आणलेल्या मोठ्या मगात, म्हणजे अडीचशे मिलिलिटर पाण्यात, तीच एक पिशवी बुडवत होती, आणि तीही दोरीला धरून चार-पाच वेळा वरखाली करून काढून टाकत होती. ते प्रमाण उत्तम चहा कसा करावा हे सांगत नाही, दोन चहांची तुलना न्याय्य कशी व्हावी एवढेच सांगते, हा खुलासाही आपण केलात, आणि पिण्यासाठी आमच्या पुरता दीडशे मिलिलिटरचा कप, चार मिनिटे आणि वर बशीचे झाकण असा बेत ठरवून दिलात. मोठा मगच हवा असेल तर दोन पिशव्या. इंग्लंडात मगासाठी म्हणून बनणाऱ्या पिशव्यांत तीन ग्रॅमच्या आसपास चहा भरलेला असतो, हे कळल्यावर तिकडून आलेल्या नातेवाइकांच्या खोक्यातला चहा ‘जास्त कडक’ का लागतो, हे कोडेही सुटले.

पाण्याचा तपास याहून रंजक झाला. किटलीत सकाळी उकळलेले पाणी थर्मासमध्ये भरून ते दुपारपर्यंत वापरण्याची येथे जुनी पद्धत होती. आपण थर्मासचे झाकण उघडून वाफेवर तळहात धरलात आणि तो बाजूला सरकवलात. काळ्या चहाला उकळी फुटल्याबरोबरचे पाणी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी मुळात अठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते, महाबळेश्वरी तर पंचाण्णवच्या आसपासच. त्यातून थर्मासमध्ये आणखी उष्णता गेली की पिशवी रंग देते, पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, देत नाही. थंड दूध आधी ओतून त्यात पिशवी सोडण्याची सवयही याच कारणाने मोडावी लागली. त्यातच मे महिन्यात टँकरचे बोअरचे पाणी येई, तेव्हा चहावर तेलकट दिसणारा तवंग धरे आणि कपाला तपकिरी कडी पडत. मुले दुधाला दोष देत होती. बिनदुधाच्या कपावरही तोच तवंग दाखवून आपण तो जड पाण्यातल्या कॅल्शियमचा असल्याचे सिद्ध केलेत, आणि लिंबाचे चार थेंब पडताच तो विरला. तेव्हापासून चहाचे पाणी वेगळ्या, गाळलेल्या पिंपातून घेतले जाते.

परंतु मुलांच्या मनात आपली कीर्ती कायमची कोरली गेली ती डांबराच्या गोळ्यांमुळे. झाकण घालून ठेवलेल्या कपांपैकी एकाचा आपण नुसता वास घेतलात, चमचाभर चहा जिभेवर घोळवून बेसिनमध्ये टाकलात आणि मला विचारलेत, “हे खोके ज्या कपाटात आहे, त्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत का?” जुनी मासिके कसरीपासून वाचवण्यासाठी वरच्या खणात त्या ठेवलेल्या होत्याच, खालच्या खणात सुट्या, वेष्टन नसलेल्या पिशव्यांचे उघडे खोके होते. चहा भोवतालचा वास पटकन ओढून घेतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि कपात नॅफ्थलीन ओळखणारा माणूस समोर पाहणे वेगळे. त्या दिवसापासून पिशव्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आहेत आणि डबा मासिकांपासून दूर आहे.

चाखण्याची रीत आपण व्हरांड्यात शिकवलीत, कारण आत ‘शांतता राखा’ असा फलक आहे आणि आपली रीत भुरक्याची आहे. घरोघरी आया ज्यासाठी डोळे वटारतात, तो भुरका येथे शास्त्राचा भाग ठरला: चहा हवेबरोबर जोराने ओढला की तो तोंडभर पसरतो आणि त्याचा गंध मागून नाकात चढतो. कडूपणा जिभेला कळतो. तुरटपणा ही मात्र हिरड्या आणि गाल आक्रसल्याची जाणीव आहे, आणि चांगल्या चहात ती झटकन येऊन लगेच ओसरते, हा भेद आपण दूध घातलेला नि न घातलेला कप शेजारी ठेवून दाखवलात. दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून दूध पडले की हिरड्या सुटतात. पिशव्यांतला भिजलेला चोथा बशीवर उलटा करून पाहण्याची सवयही मुलांना लागली आहे. तांब्याच्या भांड्यासारखा उजळ चोथा दिसला की ती माना डोलावतात, काळवंडलेला दिसला की नाके मुरडतात. आणि विसरून राहिलेला कप गार होऊन गढूळ झाला, तेव्हा तो नासला म्हणून ओतून देणाऱ्या मुलाचा हात आपण धरलात. कॅफीन आणि थिआफ्लेविन (काळ्या चहाला उजळ रंग देणारे द्रव्य) थंडाव्यात एकत्र येतात म्हणून चहा असा गढुळतो, आणि ते त्याच्या जोमदारपणाचे लक्षण आहे.

मुले सन ऐकला की वही उघडतात, याचा आपण पुरेपूर फायदा घेतलात. १९०८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस सलिव्हन या व्यापाऱ्याने नमुन्याचा चहा रेशमी पिशव्यांतून पाठवला आणि गिऱ्हाइकांनी पिशवीच पाण्यात बुडवली, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट आपण सांगितलीत. पण मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मक्लारेन यांनी अशा पिशवीच्या एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, १९०१ सालीच अर्ज केला होता आणि ते त्यांना १९०३ मध्ये मिळाले, हे जोडून त्या गोष्टीतली हवा काढलीत. आसामात १९३० च्या दशकात रुळलेले, पाने चिरडून, फाडून आणि वळवून चहाचे दाणे करणारे सीटीसी यंत्र, १९५३ साली टेटली या चहाच्या कंपनीने इंग्लंडात आणलेली टी-बॅग आणि २००० साली टाटांनी टेटलीच विकत घेणे, ही साखळी एका मुलीने मुलाखतीच्या तयारीत लिहून ठेवली आहे.

दोन बाबतींत मी आपल्याशी सहमत नाही, आणि आभारपत्रात ते लिहिल्याने आपल्याला वाईट वाटणार नाही याची खात्री आहे. पिशवी चमच्याने दाबून पिळू नये असे आपले म्हणणे. बिनदुधाच्या चहाला ते मानते, पण भरपूर दूध घालायचे असेल तर पिळल्याने उतरणारा जादा तुरटपणा कामी येतो, म्हणून मी पिळते. दुसरे म्हणजे आले. जगमध्ये किसलेल्या आल्यावर उकळते पाणी ओतून, ते गाळून पिशवीवर घ्यायची आमची युक्ती आपण चाखलीत आणि ‘हा पदार्थ वेगळा’ एवढेच म्हणालात. ज्यांच्या घरी मी गवती चहा आणि आले घालून खळाखळा उकळलेला चहा दोनदा मागून प्यायले आहे, त्यांनी इतके कडक राहू नये. आपल्या पत्नीने त्यावर केलेले भाष्य येथे लिहीत नाही.

कोणते खोके घ्यावे हे आपण आजवर एकदाही सांगितले नाहीत, याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे. कितीही विचारले तरी आपण कपांखाली चिठ्ठ्या उलट्या ठेवायला लावल्यात, वजन आणि वेळ सारखी करायला लावलीत आणि निवड मुलांवर सोपवलीत. त्यांनी निवडलेला चहा जाहिरातीत सर्वांत जास्त दिसणारा नव्हता, आणि सर्वांत महाग तर नव्हताच. त्यामुळे वाचलेल्या पैशांतून दुसरी किटली आली, आणि थर्मास आता फक्त ताकासाठी वापरला जातो.

निलगिरीच्या चहाच्या पिशव्यांचे एक नवे खोके परवा कोणीतरी भेट दिले आहे. ते अद्याप फोडलेले नाही; पाणी, काटा आणि बश्या तयार आहेत. आपल्या सोयीचा दिवस आणि वेळ कळवावी, म्हणजे मुलांना तसे सांगता येईल. काकूंनाही आवर्जून घेऊन यावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
अभ्यासिकेची व्यवस्थापक