चाहत्यांना रीतसर परवाना हवा

महोदय,
कार्टून किंवा चित्रपटातील आवडत्या पात्राचे चित्र काढून आपल्या वहीवर चिकटवणे वेगळे आणि तेच चित्र दोनशे टी-शर्टांवर छापून विकणे वेगळे. ‘चित्र मी हाताने काढले आहे’ ही सबब कायद्यापुढे सहसा टिकत नाही, कारण पात्राच्या रूपावरच मूळ निर्मात्याचा हक्क असतो. खाली ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असे छापल्यानेही परवानगी मिळत नाही. नफा नसला तरी हक्कभंग होऊ शकतो. विक्री सुरू झाली की बचाव आणखी लंगडा पडतो.

जपानमधील ‘वंडर फेस्टिव्हल’ या पात्रांच्या छोट्या मूर्तींच्या मेळ्यात हौशी मूर्तिकारांना हक्कमालकांकडून त्या दिवसापुरता विक्रीचा परवाना मिळतो. किती शहाणी सोय! इतर हक्कमालकांनीही ती द्यावी. मी स्वतः कीचेन बनवते; अशा परवान्याचे शुल्क मी आनंदाने भरेन.
– एक चाहती