पाड्यांचा आकडा वेगळा हवा

महोदय,
जनगणनेत ग्रामीण भागाचे एकक महसुली गाव असते. त्यामुळे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत एका गावाच्या नावाखाली चार-सहा पाडे विखुरलेले असले, तरी तक्त्यात आकडा एकच उमटतो. पाडा टेकाडावर, मध्ये ओहोळ. पाणी चढले की शाळा पलीकडे, दवाखानाही पलीकडे. कागदावर मात्र सारे एकाच जागी! फटका बसतो तो रस्त्याला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना वस्तीची लोकसंख्या पाहते: सपाट भागात 500, डोंगरी व आदिवासी भागात 250. पाड्याचा आकडाच नसेल, तर दाखवायचे काय?

त्यात महिना अडचणीचा. 2027 च्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च, मोजणी फेब्रुवारीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे तेव्हा परतलेली नसतात. दाराला कुलूप, नाहीतर घरात एकटी म्हातारी. म्हणून ग्रामपंचायतीने पावसाळ्यात, भाताच्या आवणीला (लावणीला) सगळे घरी असताना, पाडानिहाय कुटुंबयादी करावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, सुटलेली नावे तिथेच घालावीत आणि ठरावासह तालुक्याला पाठवावी.

— एक वाचक, जव्हार (जि. पालघर)