दहावीनंतर गाडीच्या धंद्यात येताना

मा. संपादक, स.न.वि.वि.

दहावीचे निकाल लागले की आयटीआयची धावपळ सुरू होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात मिळतात, तरी गाडीचा धंदा म्हटले की आपल्या पालकांना ऑइलने माखलेले कपडेच दिसतात. हे काम आता पुष्कळ बदलले आहे.

मेकॅनिक मोटार व्हेईकल हा ट्रेड 2 वर्षांचा, मेकॅनिक डिझेल 1 वर्षाचा. नुसता ट्रेड पाहून अर्ज भरू नका. वर्कशॉपमध्ये जाऊन बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) इंजिन आणि गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का, ते बघा. एप्रिल 2020 पासूनच्या मोठ्या डिझेल ट्रकमध्ये धुरातले विषारी वायू कमी करायला त्यावर डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) हे द्रावण फवारले जाते. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी असते. काही जण पैसे वाचवायला शेतातला युरिया पाण्यात कालवून ओततात. त्या युरियाला कडुनिंबाचे तेल लावलेले असते. मग फिल्टर चोक होतो, ते फवारणाऱ्या नोझलवर पांढरे खडे धरतात, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि गाडीची ओढ जाते. नवशिका मेकॅनिक अशा वेळी इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर खोलत बसतो. आधी स्कॅनरवर कोड वाचावा, मग डीईएफच्या टाकीतले युरियाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणाचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) तपासावे. प्रमाण बरोबर आले तरी शुद्धता कळत नाही, म्हणून डीईएफ कुठून घेतले हे ड्रायव्हरला विचारावेच.

ज्यांना स्टेअरिंगच धरायचे आहे, त्यांनी हलक्या वाहनाचे लायसन्स आधी काढावे. ते वर्षभर जुने आणि वय 20 पूर्ण असले की जड वाहनाच्या शिकाऊ लायसन्सला अर्ज करता येतो. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली. शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर ठसवावी: मुंबई-आग्रा महामार्गावरचा बिजासन घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक धरतच नाहीत.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातही जाणत्या मुलांना काम आहे. जळगावहून पाइप भरून 900 किलोमीटर जाणाऱ्या ट्रकच्या ई-वे बिलाला (माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला), दर 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने, 5 दिवस मिळतात. वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरला आणि बिलाच्या भाग ‘बी’मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकला नाही, तर माल अडकतो.

ताज्या केळीला ई-वे बिल लागत नाही, पण रीफर (शीतकरण यंत्र असलेल्या) गाडीत तिला 13-14 अंश तापमान सांभाळावे लागते. त्याखाली गेले की साल काळपट पडते आणि पिकवणीत रंग धरत नाही. बॉक्स छतापर्यंत रचून हवेची वाट बंद केली, तर युनिट चालू असूनही मधला माल तापतो. रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात रेफ्रिजरेशन शिकणाऱ्या मुलांना घरगुती फ्रिजबरोबर गाडीवरचे युनिटही खोलायला मिळावे, अशी आमची आयटीआयकडे मागणी आहे.

– गॅरेज व ट्रान्सपोर्ट व्यवसायातील काही वाचक, धुळे