पाणी किती, याबरोबर ते कसे, हेही सांगा

खडकवासला प्रकल्पातील सिंचनाच्या पाण्याविषयीचे आपल्या दैनिकातील वृत्त वाचले, त्यात टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) हिशेब सविस्तर आहे, मात्र पाण्याच्या दर्जाविषयी एक ओळही नाही. पुण्याचे सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) शेतीसाठीच्या बेबी कालव्यात सोडावे आणि धरणातील पाणी शहराला मिळावे, ही योजना तत्त्वतः योग्यच आहे, कारण तहान शहरालाही आहे. परंतु आमच्या चारीला (कालव्याच्या छोट्या पाटाला) हे पाणी आले की बांधाशी काळपट फेस साचतो, ठिबकचा जाळीचा फिल्टर तासाभरात उघडून धुवावा लागतो आणि खोलगट वावरात उन्हाळ्यात पांढरे मीठ फुटते. यात उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याचा आणि तुंबलेल्या निचऱ्याचाही वाटा असेल, हे आम्ही नाकारत नाही. पण नियमित तपासणी झाल्याशिवाय कोणाचा वाटा किती, हे ठरणार कसे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार सिंचनाच्या पाण्याचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप) ६ ते ८.५ दरम्यान आणि विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचा अंदाज देणारे माप, प्रति सेंटिमीटर कमाल २२५० मायक्रोम्हो असावी. वाहकता मोजण्याचे यंत्र हातात मावते आणि मोजणीला काही मिनिटेच लागतात. तेव्हा कालवा सल्लागार समितीने आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या) तारखांसोबत प्रत्येक फाट्यावरील हे आकडे ग्रामपंचायतींच्या फलकावर लावण्याचा निर्णय याच हंगामात घ्यावा.

– एक शेतकरी, ता. दौंड