नंदीला सरकी घालता का?

मेम्फिस, टेनेसी
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर त्या नंदीबैलवाल्याच्या मारहाणीचं बोलणं अर्धंच राहिलं. "कायदा करून काय होते? गाव तेच अन् ठाणंही तेच," असं तुम्ही म्हणालात आणि रेंज गेली. नंतर लागला तेव्हा फोन आईकडे होता आणि विषय गुडघ्याचा होता. म्हणून हे लिहायला घेतलं. पोस्टानेच पाठवते. पोचेपर्यंत दिवाळी होऊन जाईल, पण मोबाइलवर काचेतून वाचल्यासारखं वाटतं हे तुमचंच म्हणणं आहे.

काल मिसिसिपीतल्या समनर गावाला जाऊन आले. इथून दक्षिणेला गाडीने दोनेक तास. बाबा, मेम्फिस सोडलं की सपाट शेतं लागतात आणि दोन्ही बाजूंना कापूसच कापूस. आपल्या पराटीहून ठेंगणा आणि सगळा एकदम फुटलेला. वेचायला माणूस नाही. घराएवढं यंत्र तासातून जातं आणि मागे पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली गोल गाठोडी टाकत जातं. आईला सांगा, वेचणीआधी सीतादहीची पूजा करणारं इथं कोणी नाही.

समनर म्हणजे चौकात एक कोर्ट आणि भोवती थोडी दुकानं. हे कोर्ट १९५५ सालचं दिसावं तसं परत बांधून ठेवलंय. त्या सप्टेंबरात इथं एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला. पोरगा चौदा वर्षांचा, काळा, शिकागोचा. सुट्टीत नातेवाइकांकडे आला होता. किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणून २८ ऑगस्टला रात्री त्याला घरातून उचलून नेलं. काही दिवसांनी प्रेत टॅलाहॅची नदीत सापडलं. बुडून राहावं म्हणून गळ्यात काटेरी तारेने जिनिंगचा पंखा बांधला होता. लोखंडी, चौतीसेक किलोचा. हे वाचताना मला आपल्या गावच्या रस्त्यावरची जिनिंग आठवली, लहानपणी तुमच्या खांद्यावरून बघितलेली. त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचं काय केलं ते जगाला दिसू दे, म्हणाली. हजारो माणसांनी पाहिलं.

खटल्यात निकाल देणारे पंच बारा, सगळे गोरे, सगळे त्याच भागातले. ६७ मिनिटांत दोघेही आरोपी निर्दोष. मध्ये कोल्ड्रिंक प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं त्यांच्यातला एक म्हणाला. काही महिन्यांनी त्या दोघांनी एका पाक्षिकाकडून पैसे घेऊन "हो, आम्हीच मारलं" असं छापून दिलं. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला परत चालत नाही. संपला विषय.

गाव तेच, ठाणं तेच हे तुमचं बोलणं इथं शब्दशः खरं होतं. म्हणूनच इथले काळे लोक सव्वाशे वर्षं लिंचिंगविरुद्ध, म्हणजे झुंडीने माणूस मारण्याविरुद्ध, वॉशिंग्टनचा कायदा मागत होते. स्थानिक पंच सोडून देतात, मग देशाच्या कोर्टात तरी उभं करता यावं एवढंच मागणं. पहिला मसुदा १९०० साली जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी मांडला. तेव्हाच्या काँग्रेसमधले ते एकटे काळे सदस्य. १९२२ ला एक विधेयक खालच्या सभागृहात पासही झालं, पण सेनेटमध्ये दक्षिणेकडच्यांनी बोलत राहून ते अडवलं. असे दोनशेच्या आसपास प्रयत्न. १८८२ ते १९६८ मध्ये टस्कीगी संस्थेने मोजलेले लिंचिंगचे बळी ४,७४३. कायदा मात्र आला २९ मार्च २०२२ ला, एमेट टिलच्याच नावाने. खालच्या सभागृहात मतं ४२२ विरुद्ध ३. (ते तिघं कोण हे मी मुद्दाम शोधलं नाही, डोकं फिरतं.) द्वेषातून कट करून कोणाला मारलं किंवा जबर जखमी केलं तर तीस वर्षांपर्यंत कैद.

"अन् त्याआधी खून हा खून नव्हता का?" तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो. होता. पण कागदावर फक्त मेलेला माणूस यायचा. का मारला ते यायचंच नाही.

हे मला तुमच्याकडूनच कळलं होतं. खैरलांजीचा निकाल आला तेव्हा मी बारावीत होते. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात एका दलित घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. शिक्षक खोलीत सगळे "न्याय झाला" म्हणत होते आणि तुम्ही पेपरचं कात्रण घेऊन ओसरीत बसलात. "अ‍ॅट्रॉसिटी लागली नाही," तुम्ही म्हणालात. "मारले हे लिहिलं, काहून मारले ते खोडलं." नंतर २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षं केली, त्याचं तुम्हाला तेवढं वाटलं नव्हतं जेवढं त्या एका गोष्टीचं वाटलं. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराविरुद्धचा १९८९ चा कायदा होता की तेव्हाही.

आता आपल्याकडचं. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो नंदीबैलवाला आला, पोरं लाकडी बैल घेऊन त्याच्या मागे नाल्यापर्यंत गेली, आणि मोबाइलवर आधीच फिरत असलेल्या पोरं पळवणाऱ्या टोळीच्या गोष्टीला तोंड मिळालं. पंधरा-वीस जण होते ना? हात मोडला त्याचा. आईने मध्ये पडून पाणी पाजलं नसतं तर मेलाच असता. जमादाराने लिहून नेलं, "गैरसमजातून मारहाण".

मी कलमं वाचली, बाबा. गेल्या वर्षी १ जुलैपासून न्याय संहिता लागू आहे. तिच्यात पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून माणूस मारला तर फाशी किंवा जन्मठेप, हे कलम १०३ मध्ये. जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत, ११७ च्या चौथ्या पोटकलमात. हाड मोडणं म्हणजे जबर दुखापतच. तो माणूस भटक्या जमातीतला, त्यामुळे अ‍ॅट्रॉसिटी त्याला लागत नाही. आहे ते हेच कलम. आणि ते "गैरसमज" या एका शब्दावर मरतं.

त्या रात्री फोनवर तुम्ही मला सांगितलं होतं ते आठवतं? मारताना ते काय ओरडत होते ते. त्याच्या जातीचं नाव घेऊन, "हे सारे असेच, यायले गावात येऊच देऊ नये." गैरसमज पोरं पळवण्याबद्दल असेल. हे वाक्य गैरसमजातलं नाही. कारण कागदावर यायचं तर ते ऐकणाऱ्याच्या तोंडूनच येणार, आणि ऐकणारे तुम्ही ओट्यावर बसला होतात.

दादा साक्षीला नाही म्हणतो, त्याचंही मला कळतं. त्याला त्याच बांधावरून रोज जायचं आहे, त्याच लोकांकडून ट्रॅक्टर मागायचा आहे. समनरच्या कोर्टात मोझ राइट नावाचा म्हातारा साक्षीला उभा राहिला होता, त्या पोराच्या आजीच्या बहिणीचा नवरा, चौसष्ट वर्षांचा, वाट्याने कापूस करणारा. भर कोर्टात गोऱ्या माणसाकडे बोट करून "हाच" म्हणाला. निकाल काही बदलला नाही. नंतर उभा कापूस सोडून त्याला शिकागोला जावं लागलं. मी त्या साक्षीदाराच्या जागेसमोर जरा वेळ उभी राहिले. जमिनीपासून फार उंच नाही ती.

जा, असं मी म्हणत नाही. इतक्या लांबून कोणाला साक्षीला पाठवणं फार सोपं आहे. एवढंच करा, ऐकलेले शब्द तुमच्या अक्षरात, तारीख-वार घालून वहीत लिहून ठेवा. सही करा. तुम्ही हजेरीपट लिहायचे तसं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, आणि ठरवाल ते मला दादाच्या नाही, तुमच्या तोंडून सांगा.

आईसाठी गुडघ्याचा पट्टा येणाऱ्या माणसासोबत पाठवते आहे, तो मापाने बघ गं, घट्ट झाला तर वापरू नको. कापसाचा पहिला भाव काय निघाला ते कळवा.

आणि तो नंदी? त्याचा धनी दवाखान्यातून सुटला का, की बैल अजून आपल्याच गोठ्यात आहे? असला तर झूल काढून ठेवा, घंट्या पण. ढेपीची त्याला सवय नसेल, सरकी भिजवून घालता का?

तुमची,
मोठी