जुने दावे आम्हाला कॅमेऱ्यात टिपू द्या : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, म्हणजे पत्र कुठल्या टेबलावर अडकलं तरी निदान विषय कळेल. जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये ७५ वर्षांहून जुने जे निकाली दिवाणी दावे गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले आहेत, त्यांचे फोटो नागरिकाला स्वतःच्या कॅमेऱ्याने काढू द्या. तिथेच बसून, कर्मचाऱ्यासमोर, फ्लॅश न मारता, विनाशुल्क. शिक्क्याची नक्कल नको, कागद बाहेर न्यायचा नाही.

मी पुण्यात राहते आणि मोडी वाचते. लोक कागद घेऊन येतात, मी वाचून देते. पूर्वी येणारे बहुतेक हौशी असायचे. कुणाला कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची असे, कुणाला वाड्याच्या खरेदीखतात नेमकं काय लिहिलंय ते बघायचं असे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि माझ्या दारातली माणसं बदलली. कुणबी नोंदींच्या शोधात तहसील कचेऱ्यांतली कपाटं उघडली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदवह्यांची पानं चढली, मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. आता प्रवेशाची मुदत डोक्यावर असलेला मुलगा आणि त्याचे वडील येतात. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. कागद मिळूनही भागत नाही. त्यातला माणूस आपला पणजोबाच, हे वंशावळीने जोडून दाखवावं लागतं. घराण्याचा शोध हा एके काळी पेन्शनरांचा उद्योग होता. आता सरकारनेच तो घरोघर अभ्यास म्हणून वाटलाय.

हे सगळे धावतात ते शाळेच्या दाखल्याकडे, कोतवाल बुकाकडे (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) आणि फेरफाराकडे (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद). दिवाणी दावा फार थोड्यांना आठवतो. आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे.

वाटपाचा जुना दावा उघडून बघा, साहेब. वकिलाने पहिल्याच पानावर वंशावळ मांडलेली असते. वर मूळ पुरुष, खाली फांद्या, कुठे ‘निपुत्रिक मयत’, कुठे ‘दत्तक गेला’. मग प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतो आणि म्हणतो की ही वंशावळ खोटी, खरी ही घ्या. म्हणजे एकाच घराण्याच्या दोन वंशावळी, दोन्ही शपथेवर, आणि एकमेकींची चूक काढायला टपलेल्या. घरगुती कुलवृत्तांतात अशी उलटतपासणी कधीच होत नाही. तिथे सगळे पूर्वज कर्तबगार आणि धार्मिक असतात. मग साक्षीदार येतात. ‘माझे वय अजमासे ६०, मी वादीच्या आजाला पाहिले आहे,’ अशी जबानी सुरू होते आणि त्या एका वाक्यातून आपण शंभर वर्षं मागे पोचतो.

बायकांची नावं तर मला दुसरीकडे इतकी कुठेच सापडलेली नाहीत. छापील कुलवृत्तांतात ‘कन्या तीन’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. फेरफारात नवरा मेल्यावर बाईचं नाव चढलं तर चढलं. दाव्यात मात्र ‘सगुणा कोम रामजी’, म्हणजे रामजीची बायको सगुणा, स्वतः उभी असते. पोटगी मागते, दिराने दागिने ठेवून घेतले म्हणते, दत्तविधान झालंच नाही असं ठणकावते. जबानीखाली तिचा अंगठा असतो. तिची आताची पणती माझ्यासमोर बसून तो अंगठा बघते तेव्हा मी चहा ठेवायला उठते, कारण थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

पुणे जिल्ह्याला याचं एक खास कारणही आहे. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. ठिकठिकाणी त्यांनी मुद्दाम हुडकून काढलं ते कर्जाचे रोखे आणि वह्या, आणि जाळले. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्यासाठीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जायला लावलं: मूळ कर्ज किती, कधी घेतलं, व्याज कसं चढलं, हे पार सुरुवातीपासून तपासायचं. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली या भागात न्यायाधीश म्हणून काम केलं. कागद जाळून मोकळं होऊ पाहणाऱ्या कुणब्याच्या वाट्याला त्या कायद्याने आणखी कागद आला, पण या वेळी त्यात त्याचं स्वतःचं म्हणणं लिहिलं गेलं. बाप कधी मेला, बैल का विकले, थोरला भाऊ वेगळा कधी झाला. सरदार-इनामदारांचा इतिहास पेशवे दफ्तरात आहे, त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापलेही. हवेली, शिरूर, इंदापूरच्या खातेदाराचं दफ्तर म्हणाल तर या दाव्यांचे गठ्ठे.

आता तिथवर पोचायचं कसं? नकलेच्या अर्जात दाव्याचा नंबर, वर्ष, पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख भरायची असते. पणजोबाच्या दाव्याचा नंबर ज्याला ठाऊक आहे त्याला शोधायचं काय शिल्लक राहिलं? नंबर हवा तर रजिस्टर चाळायला हवं, आणि रजिस्टर चाळायला तुम्ही पक्षकार कुठे आहात? पक्षकार तर कधीच गेले. मग प्रतिज्ञापत्र, कारण, कोर्ट फी स्टॅम्प, पुढची तारीख. यात नक्कल विभागातल्या माणसांना मी दोष देत नाही. चालू प्रकरणांच्या नकलांखाली ती आधीच वाकलेली असतात.

जिल्ह्यातल्या एका न्यायालयात मला एक जुना दावा बघायला मिळाला. पेन्सिलने टिपणं घ्यायला परवानगी होती. पिशवीतून कॅमेरा काढला तसं रेकॉर्ड कीपर म्हणाले, “बाई, ते नको. नियम नाही.” मी विचारलं, “मनाईचा नियम आहे का?” ते म्हणाले, “तोही नाही. म्हणूनच नको.” माणूस सज्जन होता, त्याने मला पंख्याखालची खुर्ची दिली होती. नंतर मी रीतसर नक्कल मागितली तेव्हा तेच कागद झेरॉक्सच्या काचेवर पालथे पडले, वरून झाकण दाबलं गेलं आणि घडीवर आधीच विरलेलं एक पान तिथेच दुभंगलं. जो कागद कॅमेऱ्याला दाखवायचा नाही, तो यंत्राखाली चेपायला मात्र नियम आहे.

झेरॉक्सने कागद तर जातोच, वाचनही जातं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं खाली लटकवत, हात शक्यतो न उचलता लिहीत जातात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पाण्याचा डाग, शाई आणि मागच्या पानावरून फुटून आलेली अक्षरं यांचा एकच काळा गोळा होतो. काजळीची शाई शंभर वर्षांनीही तुकतुकीत असते, पण नंतरच्या जांभळ्या-निळ्या शाया उडतात, आणि नेमके जबान्यांतले शेरे त्या शाईत असतात. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या रंगीत फोटोत तांबडा शिक्का वेगळा दिसतो, उडालेली शाई संगणकावर थोडी गडद करून वाचता येते. सामान काय लागतं? एक स्टँड, खिडकीचा उजेड, आणि पहिल्या फोटोत दाव्याचा नंबर व वर्ष लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे पुढची शंभर पानं कुठली हे विसरायला नको. निशाणी नंबर (दाव्यात दाखल कागदावर न्यायालयाने घातलेला क्रमांक) दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो, मग हवा तो भाग जवळून. कागदाला काच लागत नाही, दाब लागत नाही. ब्रिटनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचक आपापल्या कॅमेऱ्याने असेच फोटो काढतात, पैसे पडत नाहीत. ज्यांच्या अमलात हे दावे चालले त्यांचे कागद तिकडे जाऊन टिपता येतात, आणि ज्यांच्यावर चालले त्यांच्या नातवंडांना शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात अडवलं जातं, हे जरा विचित्र वाटत नाही का?

तुमच्या खात्याचं उत्तर मला ठाऊक आहे: न्यायालयीन अभिलेख हा उच्च न्यायालयाचा विषय. बरोबर. माहिती अधिकाराची वाटही इथे चालत नाही, कारण न्यायालयीन कामकाजाच्या कागदांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागाव्या लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणजे बदल हवा तो नियमांतच. आणि संविधानाच्या अनुच्छेद २२७ प्रमाणे उच्च न्यायालय आपल्या अधीन न्यायालयांसाठी जे सर्वसाधारण नियम करतं, त्यांना राज्यपालांची पूर्वमान्यता लागते. ती फाइल राज्यपालांच्या टेबलावर आकाशातून पडत नाही. शिवाय उच्च न्यायालयाला विनंतीचं पत्र लिहायला कोणत्या अनुच्छेदाने तुम्हाला बंदी केली आहे?

बनावट कागदांची भीती घातली जाईल. फोटो हा फोटोच राहील. पडताळणी समितीपुढे किंवा जमिनीच्या वादात प्रमाणित नक्कलच लागेल, आणि नंबर हाती आल्यामुळे ती मागणं उलट सोपं होईल. उद्या मूळ कागदावर कुणी खाडाखोड केली, तर आधीचे फोटो दहा घरांत असलेले बरे. खासगीपणाचा मुद्दा मला जास्त खरा वाटतो. म्हणून तर फौजदारी प्रकरणं मी मागतच नाही, आणि ७५ वर्षांची अट मीच घालते. एखाद्या घरातल्या कटकटीचे कागद अजूनही दुखवणारे असतील तर न्यायाधीशांनी ते बाजूला काढावेत, माझी हरकत नाही.

कर्मचारी कुठून आणायचे? पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघू देण्याची प्रथा पडली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनेच ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांसाठी उचलली. रेकॉर्ड रूमला आठवड्याची तशी एक दुपार पुरे. खिडकीजवळ एक टेबल, एक ओळखपत्र नोंदवही. फार गर्दी होईल असं वाटत असेल तर तुम्ही लोकांच्या चिकाटीबद्दल फारच आशावादी आहात.

‘सगळं स्कॅन होणारच आहे, थोडं थांबा,’ असंही सांगतील. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यातले दोन हजार कोटींहून अधिक स्कॅनिंगसाठी आहेत. उत्तम आहे. पण त्यात घाई कशाची असणार? चालू आणि अलीकडच्या प्रकरणांची, आणि ती रास्तच आहे. १८८४ च्या इंदापूरच्या दाव्याची पाळी यायला किती वर्षं लागतील? तोवर वाळवी तारीख मागत नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतून काय काय वाहून गेलं हे पुण्यात अजून बोललं जातं, आणि २१ जून २०१२ ची मंत्रालयातली आग तर तुमच्याच इमारतीतली. आम्ही काढलेल्या फोटोंची एक प्रत न्यायालयाला देण्याची अट घाला हवं तर. तेवढं तरी आयतं स्कॅन होईल.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत तातडीची आहे. मुदत संपलेले न्यायालयीन कागद नष्ट करण्यासाठी १९१७ चा कायदा आहे आणि त्याखाली उच्च न्यायालयाचे नियम आहेत. निकालपत्र, हुकूमनामा यांना दीर्घायुष्य मिळतं. जबान्या, किरकोळ अर्ज, त्यांना जोडलेले कागद यांचं आयुष्य कमी. पण वंशावळीचं मांस याच दुय्यम कागदांत असतं. ते नष्ट करूच नका असं मी म्हणत नाही, इमारतींना भिंती असतात हे मलाही समजतं. मात्र नष्ट करायच्या प्रकरणांची यादी कृपया महिनाभर आधी न्यायालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लागेल असं बघा, आणि त्या महिन्यात येईल त्याला फोटो काढू द्या. यादी मराठीत असावी, पक्षकारांच्या आणि गावांच्या नावांसकट. नुसते नंबर लावले तर ती वाचायला कुणीही फिरकणार नाही, आणि मग फाइलवर ‘मागणी आढळून आली नाही’ असा शेरा पडेल.

आपली,
शनिवार पेठेतली एक मोडीवाचक,
पुणे