संस्थांचे ई-पत्ते आणि अलायसचा तक्ता

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी संस्थांशी ई-मेलने संपर्क साधणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. पत्र पाठवले, ते परत आले नाही आणि त्याला उत्तरही आले नाही. सीमाभागातील काही लहान संस्थांचे मेल सर्व्हर (ई-पत्रे घेणारे व पोचवणारे संगणक) मी सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो की, दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. संस्थेच्या पत्रकावर छापलेला पत्ता हा एखाद्या जुन्या कार्यवाहांचा खासगी पत्ता असतो, आणि ते पदावरून उतरले तरी पत्रके, दिनदर्शिका व स्मरणिका त्यांच्याच पत्त्यासह वर्षानुवर्षे फिरत राहतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर येथील ग्रामीण साहित्य संमेलनांसारखी जी कामे दरवर्षी नव्या जबाबदाऱ्या वाटून होतात, तेथे ही अडचण विशेष जाणवते. पाहुण्या साहित्यिकाचे होकाराचे पत्र भलत्याच माणसाच्या पेटीत जाऊन पडते, आणि त्या माणसाला ते वाचण्याचे कारणही उरलेले नसते.

यावरचा उपाय जुना आहे आणि बिनखर्चाचा आहे. पत्ता व्यक्तीचा नसावा, पदाचा असावा. आणि त्या पदावर आज कोण आहे, हे सर्व्हरवरील अलायसच्या, म्हणजे पर्यायी नावांच्या, तक्त्याने ठरवावे. कार्यवाह, कोषाध्यक्ष, ग्रंथपाल, निपाणी शाखा अशा नावांची पत्रे आज कोणाच्या पेटीत टाकायची, एवढीच माहिती या तक्त्यात असते. बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या सेंडमेल या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅमपासून ही पद्धत रूढ आहे. आज लहान सर्व्हरवर सर्रास आढळणारे, व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअरही तीच पद्धत वापरते. पोस्टमास्टर या नावाने येणारे पत्र स्वीकारणे तर मेल सर्व्हरला नियमानेच बंधनकारक आहे. अब्यूज, वेबमास्टर, इन्फो अशा पदनामांची यादीही १९९७ पासून इंटरनेटच्या मानकांत आहे. तरीही कित्येक संस्थांच्या सर्व्हरवर पोस्टमास्टरची पत्रे अशा पेटीत साचत जातात, जी कोणी कधी उघडतच नाही.

तक्ता लिहिला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. आपण संपादित करतो ती साधी मजकुराची फाईल असते. सर्व्हर पत्र पोचवताना ती वाचत नाही. त्या फाईलवरून तयार केलेली, झटपट शोधता येणारी दुसरी सूची-फाईल तो वाचतो. ग्रंथालयात पुस्तक दाखल-नोंदवहीत चढवले, पण त्याचे कार्ड तालिकेच्या खणात ठेवले नाही, तर वाचकाच्या दृष्टीने ते पुस्तक आलेलेच नसते. येथेही नेमके तसेच घडते. मजकुरात नव्या कार्यवाहांचे नाव लिहून ‘न्यूअलायसेस’ ही आज्ञा दिली नाही, तर पत्रे जुन्याच कार्यवाहांकडे जात राहतात, आणि कोणालाही काही चुकल्याची खूण दिसत नाही. पोस्टफिक्स आपल्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, मूळ फाईल सूचीपेक्षा नवी असल्याचा इशारा नोंदवते खरे. परंतु लहान संस्थेत लॉग वाचणारा माणूस सापडणे कठीण. म्हणून प्रत्येक बदलानंतर सूची पुन्हा बांधणे आणि ‘पोस्टमॅप’ किंवा ‘पोस्टअलायस’ या आज्ञेला त्या पत्त्याविषयी थेट प्रश्न विचारून उत्तर तपासणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी आणि एकाच माणसाने करावीत. पत्र प्रत्यक्ष न पाठवता ते कोठे गेले असते, याचा अहवाल सर्व्हरकडून मागवण्याचीही सोय आहे. ती फारच थोडे लोक वापरतात.

येथे आणखी एक घोटाळा संभवतो. पोस्टफिक्समध्ये दोन प्रकारचे तक्ते असतात. पहिला सर्व्हरच्या स्वतःच्या, म्हणजे स्थानिक नावांसाठी असतो आणि त्यात डाव्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे द्यावी लागतात. दुसरा, ज्याला व्हर्च्युअल अलायस म्हणतात, तो पूर्ण पत्त्यांसाठी असतो व त्यात ती टिंबे चालत नाहीत. पहिला ‘न्यूअलायसेस’ने बांधला जातो, तर दुसरा ‘पोस्टमॅप’ने. एका सर्व्हरवर अनेक संस्थांचे डोमेन (पत्त्यातील @ नंतरचे नाव) असतील, तर दुसराच वापरावा. अन्यथा एका पतसंस्थेच्या कोषाध्यक्षांचे पत्र दुसऱ्या पतसंस्थेच्या कोषाध्यक्षांच्या हाती पडेल.

आपल्या भागात या तक्त्याला एक वेगळेच काम पडते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने बेळगाव शहराचे इंग्रजी लेखन बदलले. त्यानंतर काही संस्थांनी नव्या लेखनाचे डोमेन घेतले, काही जुन्यावरच राहिल्या आणि काहींकडे दोन्ही आहेत. या बदलाविषयी प्रत्येकाची मते काहीही असोत, पत्र पाठवणारा माणूस सवयीप्रमाणे कोणतेही लेखन वापरणार, हे गृहीत धरलेच पाहिजे. निपाणी एका ‘पी’ने लिहावी की दोन, हा प्रश्नही तसाच आहे. त्यामुळे जुने डोमेन सोडून देणे धोक्याचे ठरते. त्याची मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि संस्थेच्या बँक खात्याशी वा समाजमाध्यमांवरील पानाशी जोडलेला जुना पत्ता मग त्या परक्याच्या ताब्यात जातो. डोमेनचे वार्षिक शुल्क त्या मानाने क्षुल्लक आहे.

मात्र जुन्या डोमेनवरचे सर्व काही नव्या डोमेनवर वळवणारी एकच सरसकट ओळ लिहिण्याचा मोह टाळावा. ती ओळ लिहिली की जुन्या डोमेनवरील वाटेल ते नाव सर्व्हरला खरे वाटू लागते, आणि कोणीतरी अंदाजाने रचलेल्या हजार पत्त्यांवरची जाहिरातीची पत्रेही तो आधी स्वीकारतो. नंतर तशी पेटीच नाही असे लक्षात आल्यावर तो ती पत्रे, ज्यांची नावे खोटेपणाने प्रेषक म्हणून वापरली गेली त्या बिचाऱ्या तिऱ्हाइतांकडे परत पाठवत बसतो. असा सर्व्हर लवकरच काळ्या यादीत जातो. कंटाळवाणे असले तरी प्रत्येक पदाची नोंद स्वतंत्र लिहिणे, हाच योग्य मार्ग आहे.

सर्वांत जास्त पत्रे हरवतात ती मात्र अलायसच्या उजव्या बाजूला जीमेलचा खासगी पत्ता लिहिल्यामुळे. कार्यकारिणीतील मंडळींना नवी पेटी उघडून पाहण्याचा कंटाळा असतो, म्हणून ‘आमच्या जीमेलवरच पाठवा’ असा आग्रह होतो, आणि तो मानला की पुढील अडचण सुरू होते. समजा, कोल्हापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने संस्थेला पत्र पाठवले. आपला सर्व्हर ते जीमेलकडे पुढे धाडतो, पण लिफाफ्यावर प्रेषक म्हणून नाव त्या महाविद्यालयाचेच राहते. जीमेल त्या महाविद्यालयाची एसपीएफ नोंद, म्हणजे त्याच्या नावाने पत्रे पाठवण्याची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी, पाहते. तिच्यात आपल्या सर्व्हरचा पत्ता नसतो, त्यामुळे ही तपासणी नापास होते. पत्रावर डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल, सही असेल आणि वाटेत मजकुराला कोणी हात लावला नसेल, तर पत्र तरून जाते. नसेल तर ते स्पॅममध्ये पडते किंवा नाकारलेच जाते. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून प्रेषकाची ओळख पटवण्याचे नियम कडक केल्यानंतर हा फरक ठळकपणे दिसू लागला. लिफाफ्यावरील प्रेषक बदलून घेणारी एसआरएस नावाची व्यवस्था सर्व्हरवर बसवता येते आणि पत्रे पुढे धाडायचीच असतील, तर ती बसवावीच. तरी संस्थेकडे आलेली जाहिरातबाजीही आपल्याच सर्व्हरमार्फत जीमेलकडे जाते व त्याची बदनामी आपल्या माथी येते, हा दोष तिने जात नाही. त्यामुळे अलायसने संस्थेच्याच सर्व्हरवरील पेटीकडे बोट दाखवावे आणि ती पेटी पदाधिकाऱ्याने आपल्या मोबाईलवर जोडून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाईलमध्ये दुसरे खाते जोडायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

एका नावामागे अनेक माणसे असतील, उदाहरणार्थ संमेलनाची स्वागत समिती, तर त्या नावाला ‘ओनर’ हा उपसर्ग लावलेली दुसरी नोंदही अवश्य असावी. तसे केले नाही, तर समितीतील कोणा सदस्याची पेटी भरल्याची सूचना थेट पाहुण्या साहित्यिकाला जाते, आणि आपल्याला नकार मिळाला असा त्यांचा समज होतो. ही नोंद असल्यास परत आलेली सूचना तक्त्याची जबाबदारी असणाऱ्याकडे येते. स्थानिक तक्त्यात पत्त्याऐवजी एखादा प्रोग्रॅम चालवण्याची आज्ञाही लिहिता येते. म्हणून ती फाईल बदलण्याचा अधिकार सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापकापलीकडे कोणालाही देऊ नये. पूर्वी अनेक यंत्रांवर ‘डीकोड’ नावाचा असा एक अलायस आपोआप येत असे आणि बाहेरचा माणूस त्यातून यंत्रावर फाईल लिहू शके. तो अनुभव सर्व्हर चालवणाऱ्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

सूची-फाईल कोणत्या साच्यात बांधलेली आहे, याकडेही आता लक्ष द्यायला हवे. वर्षानुवर्षे ती बर्कले डीबी या माहिती-साठवणीच्या प्रणालीच्या ‘हॅश’ साच्यात असे. २०१३ मध्ये ओरॅकलने बर्कले डीबीचा परवाना बदलला, लिनक्स या संगणक प्रणालीची बहुतेक वितरणे जुन्या आवृत्तीवरच थांबली आणि आता काही वितरणे तिचा आधार काढूनच टाकत आहेत. अशा सर्व्हरची प्रणाली डोळे झाकून अद्ययावत केली, तर पोस्टफिक्सला आपलाच तक्ता उघडता येत नाही आणि तो येणाऱ्या प्रत्येक पत्राला तात्पुरता नकार देतो. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मग पत्र परत करतो. म्हणजे बिघाड कळेपर्यंत आठवडा निघून गेलेला असतो. प्रणाली बदलण्यापूर्वीच तक्ते एलएमडीबी या दुसऱ्या साच्यात बांधून घ्यावेत. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्ता ठेवण्याची सोयही आहे. तेथे बदल लगेच लागू होतो व सूची बांधावी लागत नाही. अनेक शाखांच्या पतसंस्थेला ती उपयुक्त ठरेल. पंधरा-वीस पत्ते असलेल्या वाचनालयाने त्या भानगडीत पडू नये.

देवनागरी पत्त्यांविषयी थोडे. ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि पोस्टफिक्सही २०१५ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी पत्ते हाताळते. संस्थेने देवनागरी पत्ता मुख्य ठेवून रोमन पत्ता त्याच पेटीकडे वळवला, तर दोन्ही लिप्यांतील पत्रव्यवहार एकत्र राहतो. मात्र देवनागरी पत्त्यावरील पत्र पुढे ज्या सर्व्हरकडे जाईल, त्यालाही ही सोय असावी लागते; म्हणून येथेही पेटी आपल्याच सर्व्हरवर हवी. शिवाय ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या संकेतांनी उमटतो. डोळ्यांना शब्द एकच दिसला, तरी सर्व्हरला ते दोन भिन्न पत्ते वाटतात. अशा शब्दांची दोन्ही रूपे तक्त्यात लिहून ठेवावीत, किंवा पत्त्यासाठी असा शब्दच निवडू नये.

या साऱ्याची जबाबदारी सर्व्हर बसवून देणाऱ्या मुलावर सोपवून कार्यकारिणीने हात झटकू नयेत. तक्त्याची छापील प्रत दप्तरात असावी. पदाधिकारी बदलल्याच्या ठरावातच अलायस बदलण्याची नोंद असावी, आणि सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे मोहोरबंद असावा. तक्त्यात सदस्यांचे खासगी पत्ते असतात, तेव्हा ही प्रत सूचना-फलकावर लावण्याची नव्हे.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. स्थानिक कार्यक्रमांच्या व संमेलनांच्या वार्तांमध्ये संपर्कासाठी व्यक्तींचे खासगी पत्ते छापण्याऐवजी संस्थांकडून पदाचे पत्ते मागवून तेच प्रसिद्ध करावेत. ज्या संस्थेकडे असा पत्ता नसेल, तिने तो निर्माण करावा, एवढा आग्रह आपल्या वार्ताहरांनी धरला तरी पुष्कळ काम होईल.

आपला,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव